गाठीचा आकार आणि गाठीतले रक्त
यकृताच्या कर्करोगावरील कॅथेटर-उपचारांतील प्रतिमातपासण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

यकृताच्या कर्करोगावर रक्तवाहिनीतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, नेऊन केल्या जाणाऱ्या उपचारांविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील बहुतेक पत्रलेखक उपचाराविषयी विचारता विचारता एखाद्या सीटीच्या किंवा एमआरआयच्या अहवालापाशी येऊन थांबले आहेत, आणि ते स्वाभाविक आहे, कारण या उपचारात निदान, प्रत्यक्ष क्रिया आणि परिणामाची पडताळणी हे तिन्ही टप्पे प्रतिमांवरच उभे असतात. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून, नावे वगळून, येथे उत्तरे देत आहे. रुग्णाची कागदपत्रे पाहिल्याखेरीज त्याच्या उपचाराचा निर्णय देता येत नाही. तो त्याच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांना सिऱ्होसिस (यकृत निबर होत जाण्याचा आजार) आहे. सोनोग्राफीत यकृतात चार सेंटिमीटरची गाठ दिसली. मग ‘ट्रिपल फेज’ सीटी झाला आणि डॉक्टरांनी सांगितले की हा कर्करोग आहे, बायोप्सीची गरज नाही, ‘टेस’ (धमनीतून औषध देऊन गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपचार) करू. तुकडा न तपासता केवळ चित्रावरून कर्करोग म्हणणे योग्य आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण इतर बहुतेक अवयवांच्या बाबतीत ऊतीचा तुकडा तपासल्याशिवाय कर्करोगाचे उपचार सुरू होत नाहीत. सिऱ्होसिस झालेल्या यकृतातील प्राथमिक कर्करोग, म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, हा याला मान्यताप्राप्त अपवाद आहे, आणि त्याचे कारण यकृताच्या रक्तपुरवठ्यात आहे.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येते आणि उरलेले यकृत धमनीतून. या कर्करोगाची गाठ वाढत जाते तसा तिचा पोर्टल शिरेशी असलेला संबंध तुटत जातो आणि ती जवळजवळ सर्वस्वी धमनीच्या रक्तावर जगू लागते. हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘डाय’ म्हणतो ते आयोडीनयुक्त औषध, वेगाने दिले, तर साधारण अर्ध्या मिनिटानंतर ते धमनीतून यकृतात पोहोचते. त्या क्षणी काढलेल्या चित्रात गाठ भोवतालच्या यकृतापेक्षा उजळ दिसते. आणखी अर्ध्या मिनिटाने पोर्टल शिरेतून कॉन्ट्रास्ट येऊन सगळे यकृत उजळते, तेव्हा गाठीतले कॉन्ट्रास्ट ओसरू लागलेले असते आणि तीच गाठ आता काळपट दिसू लागते. काही मिनिटांनंतरच्या चित्रात हा फरक अधिक स्पष्ट होतो. सिऱ्होसिस असलेल्या रुग्णात एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठीत आधी उजळणे आणि मग ओसरणे ही जोडी नीट दिसली, तर निदान इतके खात्रीचे असते की अमेरिकेतील आणि युरोपातील यकृततज्ज्ञांच्या संघटनांनीही बायोप्सीचा आग्रह सोडला आहे. बायोप्सीत रक्तस्रावाचा धोका असतो, सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी सांडण्याचा धोकाही थोडा असतो, आणि सिऱ्होसिसच्या रुग्णात रक्त गोठण्याची क्रिया आधीच मंदावलेली असू शकते.

मात्र या नियमाच्या अटी काटेकोर आहेत. सिऱ्होसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी नसलेल्या माणसात, किंवा गाठीचे वागणे वर सांगितल्याप्रमाणे नसेल तर, बायोप्सी करावीच लागते. आणि चित्रे योग्य वेळी काढलेली असावी लागतात. एकाच वेळी काढलेला साधा सीटी घेऊन रुग्ण येतात, तेव्हा तपासणी पुन्हा करावी लागते, आणि खर्च झालेल्या कुटुंबाला हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटते. यकृतातील गाठीसाठी सीटी किंवा एमआरआय सांगितला असेल, तर तो तीन टप्प्यांचा आहे ना, एवढे तपासणी केंद्रात आधीच विचारून घ्यावे.

ज्या कारणामुळे निदान चित्रावरून होते, त्याच कारणामुळे टेस हा उपचार शक्य होतो. गाठ धमनीवर जगते आणि निरोगी यकृत मुख्यतः पोर्टल शिरेवर, म्हणून धमनीतून औषध देऊन ती वाट बंद केली तर गाठ उपाशी मरते आणि यकृत तगते. जपानमध्ये ओसाका येथे रियुसाकु यामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. पुढे २००२ साली बार्सिलोना आणि हाँगकाँग येथील दोन चाचण्यांनी, निवडक रुग्णांमध्ये या उपचाराने आयुष्य वाढते, हे दाखवून दिले.

प्रश्न : आईची टेस झाली तेव्हा दोन तासांहून अधिक वेळ लागला. नंतर समजले की कॅथलॅबमध्येच, म्हणजे उपचार चालू होता त्या खोलीतच, यंत्र तिच्याभोवती फिरवून पुन्हा सीटी काढला. आधी सीटी आणि एमआरआय दोन्ही झालेले असताना याची काय गरज होती? तिला श्वास रोखून धरायला सांगत होते, त्याचा तिला त्रास झाला. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : या प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देणार आहे, कारण उपचाराचे यश ज्या गोष्टीवर अवलंबून असते ती नेमकी हीच आहे आणि नातेवाइकांना ती बहुधा कोणी समजावून सांगत नाही.

जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीत, ती जागा बधिर करून, कॅथेटर घातला जातो. तो महाधमनीतून यकृत धमनीपर्यंत नेतात आणि त्याच्या आतून एक मिलिमीटरहूनही बारीक असा मायक्रोकॅथेटर पुढच्या फांद्यांमध्ये सरकवतात. हा सगळा प्रवास क्ष-किरणांच्या हलत्या चित्रावर पाहत करायचा असतो. कॉन्ट्रास्ट सोडल्यावर संगणक आधीच्या चित्रातील हाडे आणि इतर सावल्या वजा करून टाकतो आणि पडद्यावर फक्त रक्तवाहिन्यांचे जाळे उरते. ही डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफी. तिच्यात बारीक फांद्याही स्पष्ट दिसतात, परंतु ते चित्र सपाट असते. पुढची फांदी आणि मागची फांदी एकमेकींवर पडतात, आणि गाठीवरून जाणारी प्रत्येक रेघ गाठीतच शिरते आहे असे वाटू लागते.

त्यात यकृत धमनीची रचना माणसागणिक बदलते. निकोलस मिशेल्स या शरीररचनातज्ज्ञांनी २०० शवविच्छेदनांच्या आधारे १९६६ साली या रचनेचे दहा प्रकार नोंदवले. पुस्तकात दाखवतात तशी नेहमीची रचना त्यांना जेमतेम ५५ टक्के शरीरांत आढळली. काहींची उजवी यकृत धमनी आतड्याच्या धमनीतून निघते, काहींची डावी जठराच्या धमनीतून. यकृताच्या माथ्याजवळची गाठ तर अनेकदा श्वासपटलाच्या धमनीतून रक्त ओढून घेते, म्हणजे यकृताच्या बाहेरून. अशी एक वाट नजरेतून सुटली, की गाठीचा तेवढा भाग जिवंत राहतो आणि काही महिन्यांनी तेथूनच पुन्हा वाढ सुरू होते.

म्हणून आईंच्या भोवती ते यंत्र फिरवले. कॅथलॅबमधील इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी कमान रुग्णाभोवती सुमारे २०० अंश फिरते, या फेरीला पाच ते दहा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात टिपलेल्या शेकडो चित्रांतून संगणक यकृताची त्रिमितीय प्रतिमा उभी करतो. याला कोन-बीम सीटी म्हणतात. आधीच्या सीटीत कॉन्ट्रास्ट हाताच्या शिरेतून दिलेले असते आणि ते सर्व शरीरात पातळ होऊन यकृतात पोहोचते. येथे मात्र ते कॅथेटरमधून थेट यकृत धमनीत दिले जाते, त्यामुळे आधीच्या तपासणीत न दिसलेली एखादी लहान गाठ येथे पहिल्यांदा दिसते, आणि कधी कधी त्यावरून उपचाराचा सगळा बेतच बदलावा लागतो. गाठीला पोसणारी फांदी कोठून निघते, कोठे वळते आणि गाठीत कोठून शिरते, हे फिरवून पाहता येते. काही संगणकप्रणाली ती फांदी रंगाने आखूनही देतात, अर्थात ती रेघ डॉक्टरने स्वतः पडताळून पाहिल्यावरच पुढे जायचे असते.

दुसरा हेतू रुग्णाच्या सुरक्षिततेचा. मायक्रोकॅथेटर ठरल्या जागी पोहोचल्यावर त्यातून थोडे कॉन्ट्रास्ट सोडून पुन्हा एक फेरी काढली, तर औषध कोठपर्यंत जाणार याचा नकाशाच समोर येतो. संपूर्ण गाठ त्या नकाशात आली का, हे त्यावर दिसते. पित्ताशयाकडे किंवा जठराकडे जाणारी एखादी बारीक धमनी त्यात सापडत असेल तर तेही दिसते, आणि मग कॅथेटर आणखी पुढे सरकवतात किंवा ती धमनी आधी बंद करतात. औषध जठराच्या भिंतीत गेले तर तेथे व्रण होऊ शकतो, म्हणून या फेरीसाठी लागलेली मिनिटे वाया गेली असे समजू नये.

त्यानंतर औषध देतात. डॉक्सोरुबिसिनसारखे कर्करोगविरोधी औषध लिपिओडॉलमध्ये घुसळून सोडले जाते. लिपिओडॉल हे खसखशीच्या तेलापासून बनवलेले आयोडीनयुक्त तेल फ्रान्समध्ये १९०१ साली तयार झाले. ते क्ष-किरणांवर दिसते, त्यामुळे गाठ भरत जाते तशी ती पडद्यावर काळी होत जाते, आणि कोठे थांबायचे हे तेथेच कळते. शेवटी जिलेटिन स्पंजचे बारीक कण सोडून प्रवाह मंदावतात. काही ठिकाणी लिपिओडॉलऐवजी औषध शोषून घेतलेले सूक्ष्म मणी वापरतात. क्रिया संपल्यावर कॉन्ट्रास्ट न देता काढलेली शेवटची फेरी गाठीत तेल सर्व बाजूंनी भरले की एखादा कोपरा कोरडा राहिला, हे दाखवते. कोपरा कोरडा असेल तर त्याला पोसणारी दुसरी फांदी त्याच बैठकीत शोधता येते. कॅथेटर काढून घेतल्यावर हे कळून उपयोग नसतो.

आता श्वासाविषयी. ही कमान सीटी यंत्राइतकी वेगवान नसते, त्यामुळे त्या काही सेकंदांत यकृत हलले तर प्रतिमा पुसट होते आणि बारीक फांद्या दिसेनाशा होतात. म्हणून श्वास रोखायला सांगतात. आईंना त्रास झाला हे वाईट झाले, आणि तो बराचसा टाळता आला असता, असे मला वाटते. आदल्या दिवशी रुग्णाला दहा-पंधरा सेकंद श्वास थांबवण्याचा सराव दिला आणि हे कशासाठी हे सांगितले, तर बहुतेकांना ते जमते. पुढच्या बैठकीपूर्वी घरीच सराव करावा. जलोदर किंवा दम्यामुळे श्वास रोखणे शक्य नसेल तर तसे आधी सांगावे, म्हणजे डॉक्टरांना दुसरी व्यवस्था करता येते. या प्रतिमेलाही मर्यादा आहेत. ती नेहमीच्या सीटीइतकी रेखीव नसते आणि मोठे यकृत तिच्या चौकटीत पूर्ण मावत नाही. म्हणूनच आधीचे सीटी आणि एमआरआय रद्द होत नाहीत; ते शेजारी उघडून ठेवूनच काम करायचे असते. त्यांच्या फिल्मबरोबर सीडीही जपून ठेवावी.

प्रश्न : इतक्या क्ष-किरणांनी रुग्णाला आणखी एक कर्करोग होणार नाही ना? वडिलांना मधुमेह आहे, डायने मूत्रपिंड बिघडेल अशी भीती वाटते. (एक वाचक, लातूर)

उत्तर : किरणांचा धोका शून्य नाही, पण त्यातून होऊ शकणारा कर्करोग उद्भवायला वर्षे, बहुधा दशके लागतात, आणि समोर असलेला कर्करोग तेवढा काळ थांबत नाही. लांबलेल्या बैठकीनंतर पाठीच्या त्वचेवर चौकोनी लाली आली तर ती डॉक्टरांना दाखवावी. मूत्रपिंडाची काळजी मात्र योग्य आहे. क्रियेपूर्वी रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक, तपासतात, पुरेसे द्रव देतात आणि कॉन्ट्रास्ट जपून वापरतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, किंवा पूर्वी कधी डायने अंगावर गांधी उठल्या असतील, तर ते न विचारताही सांगावे.

प्रश्न : टेसनंतर सहा आठवड्यांनी पत्नीचा सीटी केला. आधी गाठ ५.२ सेंटिमीटर होती, आता ५ सेंटिमीटर लिहिली आहे. एवढे सोसून दोन मिलिमीटरच कमी झाली? उपचार फसला असे समजायचे का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : केवळ या दोन आकड्यांवरून उपचार फसला असे मुळीच म्हणता येत नाही. आलेल्या पत्रांमध्ये सर्वाधिक घरांची झोप उडवणारा प्रश्न हाच आहे.

इतर अनेक कर्करोगांत औषधाने गाठ आक्रसते, म्हणून तिचा व्यास मोजून परिणाम ठरवण्याची रीत पडली. टेसमध्ये गाठीचा रक्तपुरवठा तोडला जातो. तिच्यातील पेशी मरतात, पण मेलेला भाग शरीर लगेच वाहून नेत नाही; तो महिनोन्महिने जागेवर राहतो आणि सावकाश आक्रसतो. पहिल्या तपासणीत पूर्ण मेलेली गाठ पूर्वीइतकीच, क्वचित किंचित मोठीही, मोजली जाऊ शकते. उलट गाठ थोडी लहान झालेली असते आणि तिच्या एका कडेला जिवंत भाग शिल्लक असतो, असेही होते. म्हणून या रोगासाठी मोजमापाचे निकष सुधारण्यात आले आणि ते ‘एम-रेसिस्ट’ या नावाने २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत गाठीचा जो भाग धमनीच्या टप्प्यात अजूनही उजळतो तोच जिवंत धरून मोजतात. असा भाग मुळीच उरला नसेल तर प्रतिसाद पूर्ण मानतात, मग गाठ पाच सेंटिमीटरची दिसत असली तरी. जिवंत भागाचा व्यास किमान ३० टक्के घटला तर प्रतिसाद आंशिक धरतात.

तेव्हा पत्नीच्या अहवालात आकाराच्या ओळीखाली काय लिहिले आहे ते पाहा. गाठीत उजळणारा भाग आहे का, असल्यास कोणत्या कडेला आणि किती, आणि नवीन गाठ आहे का, ही उत्तरे अहवालात असायला हवीत. ती नसतील तर अहवाल देणाऱ्या रेडिओलॉजिस्टना तसे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. ज्या केंद्राला रुग्णाची टेस झाली आहे हेच कळवलेले नसते, तेथून केवळ लांबी-रुंदीचा अहवाल येतो. दोष बहुधा अर्धवट लिहिलेल्या चिठ्ठीचा असतो. जुनी चित्रे आणि टेसची तारीख दोन्ही बरोबर द्यावीत.

लिपिओडॉल वापरले असेल तर आणखी एक अडचण येते. सीटीत ते तेल पांढरेशुभ्र दिसते आणि कॉन्ट्रास्टने उजळलेला भागही पांढराच दिसतो, त्यामुळे तेलाच्या आड लपलेला जिवंत भाग ओळखणे अवघड होते. निरोगी यकृत हे तेल काही आठवड्यांत साफ करते आणि गाठीत ते टिकून राहते, म्हणून गाठ सगळीकडून दाट भरलेली दिसणे हे चांगले लक्षण आहे. भरीव पांढऱ्यात राहिलेली पोकळ जागा संशयास्पद. एमआरआयमध्ये या तेलाचा अडथळा फारसा नसतो, त्यामुळे शंका राहिली तर डॉक्टर एमआरआय सांगतात, आणि तो खर्च अनाठायी नसतो. कडेने सारखी, पातळ अशी उजळ किनार दिसली तर ती बहुधा उपचाराने आलेली सूज असते. एका बाजूला जाडसर, गाठाळ उजळलेला भाग असेल तर तो रोग समजून पुढची बैठक ठरवतात. रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजे या कर्करोगात वाढू शकणारे प्रथिन, आधी वाढलेले असेल, तर ते उतरते आहे का, हेही जोडून पाहावे.

जिवंत भाग उरला तर टेस पुन्हा करता येते, आणि अनेकांना ती करावी लागते. मात्र दोन बैठकांनंतरही गाठ दाद देत नसेल तर तोच उपचार रेटण्यापेक्षा दुसऱ्या उपचारांचा विचार व्हायला हवा, कारण प्रत्येक बैठकीत थोडे निरोगी यकृतही खर्ची पडते.

प्रश्न : भावाला टेसऐवजी किरणोत्सर्गी मण्यांचा उपचार सुचवला आहे. त्यासाठी अँजिओग्राफी दोनदा करावी लागेल आणि पहिल्या वेळी औषध देणार नाहीत, असे सांगितले. एकदाच का होत नाही? (एक वाचक, पुणे)

उत्तर : या उपचारात यिट्रियम-९० हे मूलद्रव्य असलेले अतिसूक्ष्म मणी गाठीच्या धमनीत सोडतात. त्यांचे बीटा किरण ऊतीत सरासरी अडीच मिलिमीटर आणि जास्तीत जास्त सुमारे ११ मिलिमीटरपर्यंत पोहोचतात. यिट्रियमचे अर्धायुष्य ६४ तासांचे आहे. एकदा सोडलेले मणी परत घेता येत नाहीत, म्हणूनच पहिली बैठक तालमीची असते. यकृतातील काही गाठींमध्ये धमनी आणि शिरा यांना जोडणाऱ्या आडवाटा असतात, आणि त्यांतून मणी फुप्फुसात पोहोचू शकतात. ते आधी कळावे म्हणून टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य लावलेले प्रथिनांचे कण त्याच धमनीत सोडतात आणि गॅमा कॅमेऱ्याखाली ते कोठे गेले हे पाहतात. फुप्फुसात किती टक्के गेले यावरून मात्रा ठरते. एका बैठकीत फुप्फुसांना ३० ग्रेपेक्षा (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) अधिक मात्रा मिळणार असेल तर हा उपचार करत नाहीत. जठराकडे कण गेलेले दिसले तर ती वाटही आधी बंद करावी लागते. प्रत्यक्ष उपचारानंतर मणी ठरल्या जागी बसले का, हे स्पेक्ट किंवा पेट स्कॅनवर पाहतात. हे मणी परदेशातून येत असल्यामुळे खर्च मोठा होतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने यिट्रियमचे काचेचे मणी येथे तयार केले आहेत, तेव्हा ते उपलब्ध आहेत का, याची चौकशी भावाच्या डॉक्टरांकडे जरूर करावी.

प्रश्न : टेसनंतर ताप येतोच असे सांगून घरी पाठवले. किती दिवस वाट पाहायची आणि स्कॅन केव्हा करायचा? (एक वाचक, अकोला)

उत्तर : गाठ मरू लागल्यामुळे येणारा ताप, उजव्या बरगडीखालचे दुखणे, मळमळ आणि अन्नावरची वासना जाणे हे बहुधा आठवड्याभरात ओसरते. या दिवसांत काढलेल्या सीटीत गाठीत हवेचे बुडबुडे दिसले तरी तेवढ्यावरून पू झाला असे म्हणता येत नाही. मेलेल्या ऊतीत ते दिसू शकतात. परंतु ताप उतरून पुन्हा चढला, थंडी वाजून हुडहुडी भरू लागली, किंवा आठवड्यानंतरही ताप हटेना, तर सोनोग्राफी किंवा सीटी करून गळू झाले आहे का ते पाहावे लागते, आणि असल्यास प्रतिमेच्या आधारे बारीक नळी घालून ते रिकामे करता येते. पित्तनलिकेत पूर्वी स्टेंट बसवलेला असेल किंवा तिची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर गळू होण्याचा धोका बराच अधिक असतो. अशा रुग्णाला हुडहुडी भरली तर आठवडा पुरा होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. डोळे पिवळे होणे, पोट फुगत जाणे, बोलण्यात गोंधळ होणे किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काही दिसले तरी तसेच करावे.